पळसाला पानं तीनच, पण मोजून काढायची

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही नेरूळला राहता, नोकरी सांभाळून तीन वर्षं वनस्पतिचित्रं काढताय आणि आता पूजेतल्या वनस्पतींची एक मालिका करायची आहे: बेल, दूर्वा, आपटा, पारिजातक, कमळ. एका प्रदर्शनाच्या निवडीच्या वेळी परीक्षक म्हणाले, "काम स्वच्छ आहे, पण यात अर्थ कुठे आहे?" म्हणून पुढच्या चित्रात तुम्ही बेलाच्या मागे पुसटशी पिंड घातली. तर दुसरीकडे ऐकावं लागलं की हे आता बॉटनिकल राहिलं नाही. मग प्रतीक घालायचं तर कुठे, किती, आणि त्यात सौंदर्य कुठे बसतं?

पिंड काढून टाका. तिने बेलाचं काम स्वतःकडे घेतलंय. पाहणारा आधी पिंड पाहतो, मग "हां, बेल" म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. ज्या पानावर तुम्ही पाच रविवार घालवलेत ते त्याने पाहिलेलंच नसतं.

चोवीस वर्षं मी हेच काम करतेय, निम्मं संशोधकांसाठी आणि निम्मं स्वतःसाठी. एवढ्या काळात माझी एक समजूत पक्की झाली आहे. आपली वनस्पतींची प्रतीकं ज्यांनी घडवली ते लोक फार बारीक नजरेचे होते. त्यांना जे दिसलं त्याचीच पुढे गोष्ट झाली, म्हण झाली, व्रत झालं. आपल्याला प्रतीक चित्रात आणून ठेवावं लागत नाही. त्यांनी पाहिलं तितकं पाहिलं की ते तिथे असतंच.

पळस घ्या. शिमग्याच्या सुमारास ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूला गेलात तर नुसत्या काटक्यांवर भगवी फुलं लागलेली दिसतील. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात: 'किम् शुकः', म्हणजे हा पोपट आहे की काय! फूल हातात घेतलं की ते नाव ठेवणाऱ्याची नजर कळते. खालच्या दोन पाकळ्या जुळून झालेली ती वाकडी होडी म्हणजे हुबेहूब चोच, आणि तिच्या बुडाशी काळपट मखमली निदल, म्हणजे फुलाचा बाहेरचा पेला. त्या चोचीचा बाक जरा कमी झाला की पोपट उडून गेला आणि शास्त्रही चुकलं, दोन्ही एकाच रेषेत. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण आपण 'कुठेही जा, सारखंच' या अर्थाने वापरतो, पण ती मुळात झाडाचं वर्णन आहे. तीन पर्णिका. मधली मोठी आणि समतोल, बाजूच्या दोन तिरक्या, एका अंगाने फुगीर. मी शिकवते तिथे दहातली आठ मुलं तिन्ही सारख्या काढतात. म्हण पाठ असते, पान पाहिलेलं नसतं.

दूर्वेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. दूर्वेच्या मंत्रात ती कांड्याकांड्यातून उगवते असं म्हटलंय. हे कवित्व नाही, जमिनीवर गुडघे टेकून पाहिलेलं आहे. सरपटणाऱ्या खोडाचं प्रत्येक पेर मातीला टेकलं की खाली मुळं सोडतं आणि वर कोंब काढतं. म्हणूनच ती वंशवृद्धीची खूण झाली. शेतकरी त्याच गवताला हरळी म्हणतो आणि त्याच गुणापायी तिला शिव्या घालतो, कारण उपटली तरी एखादं पेर मागे राहतं आणि महिन्याभरात पुन्हा हजर. तुमच्या मालिकेत दूर्वा म्हणजे गणपतीला वाहायची एकवीसची जुडी, दोऱ्याने बांधलेली, असं काही ठरवलं असेल तर माझ्या मते तो वाया गेलेला कागद आहे. जुडीत पेरही दिसत नाही आणि मूळही. त्याऐवजी वीतभर सरपटतं खोड काढा, तीन पेरं असलेलं. एकाला नुकती मुळं फुटलेली, दुसऱ्याला कोंब, तिसरं अजून हवेत. जमल्यास फुलोरा: टोकाला बोटांसारख्या फाकलेल्या चार-पाच बारीक कणसांचा. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'डॅक्टिलॉन'चा अर्थ बोट असाच आहे. म्हणजे लॅटिन नाव ठेवणाऱ्यांनाही उपमेवाचून राहवलं नाही.

जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररने १५०३ साली गवताचा एक तुकडा रंगवला, तो आता व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यात ना देव ना माणूस. सामान्य गवतं, रुंद पानांचं एक तण आणि मिटत आलेली पिवळी रानफुलं, तीही जमिनीच्या पातळीवरून पाहिलेली. पाचशे वर्षं लोक त्यात अर्थ शोधताहेत. त्याने एकही घातला नव्हता, असं मला वाटतं.

आता माझी फजिती सांगते, कारण तुम्ही आपट्याच्या वाटेवर आहात.

सुरुवातीच्या वर्षांत दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून आपट्याची फांदी आणली. बाजार फुलून गेलेला, झेंडूचे ढीग, आणि फांद्या विकणाऱ्या बायका रस्ताभर. घरी येऊन फांदी बाटलीत ठेवली आणि रात्रभर काढत बसले. सोनं म्हणून पानांच्या कडांना खरा सोनेरी रंग दिला, मागे हलकी पिवळी छटा सोडली. चित्र दिसायला देखणं होतं, खोटं कशाला बोलू. मग ते एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र नाकाजवळ धरलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, हा कांचन आहे."

तेव्हा लाज वाटली, आता हसू येतं. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून येणाऱ्या फांद्यांत कांचनाच्या पुष्कळ असतात. दोघांची पानं दोन फाळांची, त्यामुळे गिऱ्हाईक घेतं. पण आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाडसर, चामड्यासारखं, आणि फाळांची टोकं गोल. कांचनाचं पान मोठं, पातळ, जास्त लांबट. फुलांत तर काहीच साम्य नाही. आपट्याची फुलं बारीक, फिकट पांढरट-पिवळसर, तुऱ्यात लटकणारी. कांचनाची मोठी, गुलाबी किंवा जांभळी, कुणीही पाहत राहावं अशी.

सोनेरी कड देताना मी पानाकडे पाहतच नव्हते. रघुराजा, कौत्स आणि कुबेराने आपट्यावर पाडलेला सोन्याचा पाऊस ही गोष्ट डोक्यात होती आणि मी गोष्ट रंगवत होते, त्यामुळे झाड कुठलं यानं फरकच पडेना. बाहेरून आणलेलं प्रतीक पहिला बळी घेतं तो झाडाच्या ओळखीचा. आणि गंमत अशी की त्या पानात प्रतीक आधीच तयार होतं. आपटा-कांचनाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव बाउहिनिया. ते योहान आणि गास्पार बाउहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून आलंय, आणि वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने म्हटलं होतं की एकाच देठावरचे दोन सारखे फाळ या दोन भावांना शोभतात. आपण दसऱ्याला तेच पान दुसऱ्याच्या हातात देतो आणि आलिंगन देतो. दोन फाळ, मध्ये एक शीर, आणि ती शीर जिथे संपते तिथे एक बारीकसं टोक. एवढं नीट काढा. सोनेरी ट्यूब कपाटातच राहू द्या.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण तुमचे दोन परीक्षक दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. शास्त्रीय चित्र हे जातीचं चित्र असतं. संशोधक मला पाच-सहा नमुने देतो, त्यातून मी जातीची सर्वसाधारण फांदी उभी करते: फुलाचा उभा छेद, पुंकेसर वेगळा, बी वेगळं, शेजारी मोजपट्टी. त्यात किड्याने खाल्लेलं पान घालायचं नाही, कारण ते त्या एका झाडाचं दुखणं आहे, जातीचं नव्हे. वनस्पतिकला मात्र त्या एका फांदीचं व्यक्तिचित्र असते. मोजमाप तितकंच काटेकोर, पण निवड तुमची. प्रतीकाला जागा आहे ती या निवडीत. कुठली अवस्था घ्यायची, दिवसातली कुठली वेळ, पानाची कुठली बाजू, काय कागदाबाहेर सोडायचं. एवढ्या चार गोष्टींत सगळं सांगून होतं.

आपल्याकडे या दोन्ही वाटा जुन्या आहेत. जहांगीरने काश्मीरच्या फुलांबद्दल लिहिताना उस्ताद मन्सूरने शंभरहून अधिक फुलं रंगवल्याची नोंद केली आहे. आज त्यातली फार थोडी उरली आहेत, त्यातलं लाल ट्यूलिपचं चित्र प्रसिद्ध आहे. दुसरी वाट कंपनीच्या काळातली. पुण्याजवळच्या दापोडीला तेव्हा मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पतिबाग होती, अलेक्झांडर गिब्सन हा तिचा अधिकारी. १८४७ ते १८५० च्या दरम्यान तिथल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराने काढली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. गिब्सनचं नाव सगळ्यांना माहीत आहे, चित्रकाराचं कुठेच लिहिलेलं नाही. याच्या उलट, केरळच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा डचांनी तयार केलेला बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन नागरी अक्षरांत छापलेलं आहे. चित्राच्या खाली सही करताना मला दापोडीचा तो माणूस आठवतो. तुम्हीही सही करत जा, आणि तारीख, जागाही लिहा.

बेलाचं थोडक्यात. बेल महादेवाला पालथा वाहतात. मग तुम्ही पानाची वरची बाजू का काढलीत? पालथं पान काढा. खालच्या बाजूला शिरा उठून दिसतात, रंग फिका आणि थोडा धुरकट होतो, मधल्या पर्णिकेचा देठ लांब आणि बाजूच्यांचे जवळजवळ नसल्यासारखे हे तिथेच स्पष्ट कळतं. उजेडासमोर धरलं तर तेलाचे बारीक ठिपके दिसतील, लिंबाच्या पानात दिसतात तसेच, कारण दोघं एकाच कुळातले. शास्त्रीय चित्रातही एखादं पान उलटं दाखवायची रीत आहेच, त्यामुळे कुणी बोट ठेवू शकणार नाही. ज्याने आयुष्यभर सोमवारी बेल वाहिलाय त्याला पाहताक्षणी कळेल. ज्याला कळणार नाही त्याला एक चांगलं पान दिसेल.

पारिजातकावर मात्र जरा रेंगाळते. मी तो अकरा वेळा काढलाय आणि त्यातली दोनच चित्रं ठेवण्यासारखी निघाली.

बहुतेक लोक सकाळी खाली पडलेली फुलं वेचून आणतात आणि ती फांदीला चिकटलेली दाखवतात. तिथेच घात होतो. पारिजातकाचं फूल संध्याकाळी उमलतं आणि पहाटे गळतं, पण गळतो तो पांढऱ्या पाकळ्यांचा आणि केशरी नळीचा भाग. निदल आणि अंडाशय झाडावरच राहतात. पुंकेसर दोनच, तेही नळीच्या आत चिकटलेले. म्हणजे ओंजळीत आलेलं फूल अपुरंच असतं. पूर्ण फूल काढायचं तर रात्री साडेआठ-नऊला झाडाखाली टॉर्च घेऊन उभं राहावं लागतं. आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीचा वॉचमन सुरुवातीला माझ्याकडे संशयाने बघायचा. आता खुर्ची आणून देतो.

पाकळ्यांकडे पाहा. पाच, सहा, सात, कधी आठही. प्रत्येकीच्या टोकाला खाच आणि सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या, भिरभिऱ्यासारख्या. हा पीळ चुकला तर फूल चपटं होतं, चांदणीचं चिन्ह काढल्यासारखं. पांढरा रंग मी वापरतच नाही. कागद कोरा सोडते आणि अतिशय पातळ करड्या रंगाने सावल्या देते. तो करडा निळसर ठेवायचा, नाहीतर फूल मळकं दिसतं. पाकळ्यांच्या मध्ये जिथे केशरी उतरतं तिथे एका थेंबात तीन छटा असतात. पान खरखरीत, कोवळी फांदी चौकोनी. फळ चपटं, नाण्यासारखं, दोन कप्प्यांचं, प्रत्येकात एक बी. हे फळ चित्रात कुणीच घालत नाही, कारण ते देखणं नाही.

लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला 'आर्बोर ट्रिस्टिस' म्हटलं, म्हणजे दुःखी झाड. आपल्याकडे सूर्यावर प्रेम करून जळून गेलेल्या राजकन्येची गोष्ट आहे. सत्यभामेच्या अंगणात झाड आणि रुक्मिणीच्या अंगणात सडा ही गोष्ट तर घरोघरची. सगळ्या गोष्टी एकाच निरीक्षणाच्या: रात्री उमलतं आणि सकाळी गळतं. मग मी काय केलं, तर उभ्या कागदावर वर एकच फांदी घेतली. त्यावर दोन कळ्या, एक पूर्ण उमललेलं फूल आणि चार रिकामी निदलं, फूल नुकतंच गळून गेलेली. खाली मोठी मोकळी जागा. आणि अगदी तळाशी पाच फुलं, त्यातली तीन पालथी, केशरी नळ्या वर. फळ फांदीवर, मागच्या बाजूला. एका पाहुण्या बाई त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मधे एवढं रिकामं का ठेवलंय?" मग स्वतःच म्हणाल्या, "हां, पडतंय ना ते."

आता त्याच स्वभावाचं दुसरं फूल सांगते, तुमच्या घराच्या जास्त जवळचं. ठाण्याच्या खाडीतली चिप्पी. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. तिचं फूलही रात्री उमलतं. असंख्य पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका, वटवाघळं त्यावर येतात, आणि सकाळी केसर चिखलात सांडतात. उरतं ते चांदणीसारखं जाड निदल आणि मधून बाहेर आलेला लांब स्त्रीकेसर. पुढे त्याच चांदणीवर हिरवं फळ बसतं. संशोधकांच्या गटाबरोबर रीतसर परवानगीने मी ऐरोलीच्या बाजूने होडीतून गेले होते, भरतीचं वेळापत्रक बघून. सूर्य वर येईतो केसर गळायला लागले होते. मी फक्त पेन्सिलने मापं घेतली, रंगांचे ठिपके वहीत मारले आणि उरलेलं घरी येऊन पूर्ण केलं. खाडीत तिची बहीणही भरपूर आहे, बिनपाकळ्यांची. तिचं फूल लहान आणि स्त्रीकेसराचं टोक अळंबीच्या छत्रीसारखं. या दोघींची गल्लत माझ्याकडून होता होता राहिली.

पारिजातक आणि चिप्पी दोघंही रात्रीचे, दोघांचा सडा सकाळी. एकाला पुराणात जागा मिळाली आणि दुसरीला शासन निर्णय. कारण एक अंगणात होता आणि दुसरी चिखलात, जिथे रात्री कुणी जात नव्हतं. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांकडे तिच्या गोष्टी असतीलही, मी अजून नीट विचारलेल्या नाहीत. तुमच्या मालिकेत पूजेची नसलेली एक वनस्पती चालत असेल तर पारिजातकाच्या शेजारी ही टांगून बघा.

कमळाबद्दल दोनच गोष्टी. बाजारात मिळते ती कळी, देठासकट खुडलेली आणि बहुधा हाताने उलगडलेली. तिच्यावरून चित्र काढू नका. आणि पान विसरू नका. गीतेतला दृष्टान्त फुलाचा नाहीच, पाण्यात राहून न भिजणाऱ्या पानाचा आहे. कमळाचं पान गोल, अखंड, देठ मधोमध. खाच असलेलं पान कुमुदाचं. कितीतरी लक्ष्म्या कमळात बसून कुमुदाच्या पानांत तरंगताना मी पाहिल्या आहेत. पानावरचा पाण्याचा थेंब चपटा काढू नका. तो पाऱ्यासारखा गोल उभा राहतो आणि पानाला जेमतेम टेकतो. त्या टेकण्याच्या जागेवर सगळं चित्र तोललेलं असतं.

सौंदर्याबद्दल वेगळं काय सांगू? माझ्या कामात 'सुंदर' हा शब्द येतो तेव्हा बहुधा कुणीतरी काहीतरी लपवलेलं असतं. पाकळीवरचा डाग, पिवळं पडलेलं खालचं पान, वाळलेलं देठाचं टोक. ताम्हणाचं फूल पाहा, आपलं राज्यफूल. एप्रिल-मे मध्ये ठाण्यात रस्त्याकडेला जांभळं होऊन उभं असतं. त्याच्या पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कापडासारख्या, कारण कळीत त्या घड्या घालून कोंबलेल्या असतात. इस्त्री करून काढल्या की ताम्हण संपलं. मी तर कळी फोडून आतली घडी आधी काढून घेते, मगच उमललेल्या फुलाला हात लावते.

रंगांचं मात्र ऐका, कारण इथे मी दुसऱ्याचे पैसे बुडवलेत. कोकणातल्या घरांत तेरड्याची गौर आणतात, मुळासकट. ठाण्यातही पुष्कळ घरी आणतात. घोडबंदर रोडच्या एका कुटुंबासाठी मी तेरडा रंगवला होता. तो झगझगीत गुलाबी कुठल्याच रंगात सापडेना, म्हणून 'ऑपेरा रोझ' वापरला. त्यातली चमक फ्लुओरेसंट द्रव्याची असते आणि उजेडात ती टिकत नाही, हे वाचलेलं होतं, तरी मोह झाला. चित्र पश्चिमेच्या भिंतीवर लागलं, समोर मोठी खिडकी. दोन वर्षांनी बाईंचा फोन आला. जाऊन पाहिलं तर गौर निस्तेज झालेली. बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तुमचा दोन वर्षं तरी टिकला." मी नवं चित्र फुकट करून दिलं. आता रंगाच्या ट्यूबवर पीव्ही १९ किंवा पीआर १२२ हे रंगद्रव्यांचे क्रमांक एकटेच आहेत ना, हे बघूनच गुलाबी घेते. झगझगाट कमी पडतो, तो शेजारचा हिरवा जरा गडद करून भरून काढते. तेरडा काढाल तर फुलामागची ती बारीक वाकडी शेपटी आणि हात लावताच फुटणारी शेंग, दोन्ही घ्या. गौरही तीन दिवसांचीच पाहुणी, हा योगायोग असेल किंवा नसेल.

आणखी एक, पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत, कागदाची खळ मरते आणि तो टीपकागदासारखा रंग पितो. पाकीट उघडलं की लगेच हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. खाडीच्या काठच्या घरात तर नक्कीच. मी एकदा पंधरा कागद असे घालवले आहेत, स्वस्तातले नव्हेत.

क्रमाचं म्हणाल तर बेल आणि दूर्वा आधी घ्या, दोन्ही कधीही मिळतात. आपटा बाजारातून न आणता झाडावरून ओळखून घ्या, आणि फुलांवर असताना एकदा पाहून ठेवा. शेंगा झाडावर बरेच महिने राहतात, कोयत्यासारख्या वाकड्या, त्यावरूनही ओळख पटते. पारिजातक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आमच्या सोसायटीतलं झाड भरघोस आहे, एखाद्या शनिवारी रात्री आठच्या सुमारास या. भिंग, डिव्हायडर आणि ओला कापूस आणा, फांदी मी कापून देईन. टॉर्चला पिवळा कागद लावू नका, पांढराच उजेड हवा, नाहीतर केशरी रंग फसवतो. वॉचमनला सांगून ठेवते.